ड्रमभर कूसकूस

"पंधरा मिनिटं, माय! फक्त पंधरा मिनिटं!" असं म्हणून गोकुळने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला.

मनकर्णाबाईंनी चष्मा सावरून पाहिलं. मोबाइलमध्ये एक बाई हसत हसत तव्यावर झिंगे परतत होती. मग तिने एका भांड्यात पिवळसर बारीक कण्या घेतल्या, त्यांवर कढत पाणी ओतलं, झाकण ठेवलं, पुन्हा एकदा हसली, झाकण काढलं, सगळं एकत्र केलं, वरून लिंबू पिळलं आणि झालं जेवण तयार. एवढ्या वेळात मनकर्णाबाईंची मेथीची जुडीसुद्धा निवडून झाली नसती.

"हिच्या घरी सासू हाय का?" त्यांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"मग एवढी हसती कामून?"

गोकुळने मोबाइल खिशात घातला. हा वाद स्वयंपाकाचा नव्हताच. वाद होता दीपमालाच्या बढतीचा. दीपमाला म्हणजे गोकुळची बायको, मनकर्णाबाईंची सून. वाळूजच्या एका कंपनीत ती तयार झालेले सुटे भाग तपासायच्या कामावर होती. काम इतकं चोख की साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, शिफ्टची इनचार्ज हो. फक्त पाळी दुसरी. दुपारी घर सोडायचं आणि सगळी गल्ली झोपल्यावर कंपनीच्या बसने परत यायचं. होकार की नकार, ते सोमवारी सकाळी सांगायचं होतं.

बातमी घेऊन दीपमाला घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि मनकर्णाबाईंनी एका वाक्यात त्यावर पाणी ओतलं. "दिवेलागणीला सून घरात नाय, बरं दिसतं का ते? आन् रातच्या भाकरी कोण थापील? माझ्या गुडघ्यांनी कवाच हात टेकले."

दीपमाला शनिवारी सकाळी पिशवी भरून "जरा विचार करून येते" म्हणाली आणि लासूर स्टेशनला माहेरी निघून गेली. पण त्याआधी गोकुळने एक गोष्ट ऐकली होती. आतल्या खोलीत, दार लोटून, दीपमाला आरशासमोर उभी होती आणि दबक्या पण ठाम आवाजात म्हणत होती, "सगळ्यांनी आपापल्या मशीनवर थांबा. माल मी तपासल्याशिवाय पुढं जाणार नाय." एकदा म्हणाली, मान हलवली, मग जरा जोरात पुन्हा म्हणाली. गोकुळ दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभाच राहिला. बायकोचा असला आवाज त्याने लग्नापासून ऐकला नव्हता, आणि तो आवाज आरशापुरता राहावा हे त्याला अजिबात पटेना. त्याचं काळीज तुटलं हो.

म्हणून तो आईला म्हणाला होता, "रातचं जेवण मी करीन."

"तू?" मनकर्णाबाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. "तुला दुधाकडं बघ म्हणलं तर तू दूध उतू जाताना बघतो!"

"करून दाखवू?"

"दाखव. उद्या रविवार हाय. सांजच्याला ती यायच्या आत एकट्यानं जेवण करून दाखव. खाण्यासारखं पायजे, पण. जमलं तर मी तोंड उघडणार नाय. नाय जमलं तर त्या बढतीचं नाव परत या घरात निघायचं नाय. बोल!"

"ठरलं," गोकुळ म्हणाला.

कूसकूस, म्हणजे मोबाइलमधल्या त्या पिवळसर कण्या, आणि झिंगेच का, याला कारण होतं. दीपमाला एकदा कंपनीच्या ट्रेनिंगला चेन्नईला गेली होती. तिथल्या हॉटेलात तिने हे खाल्लं आणि पुढे कितीतरी दिवस "काय मऊ, काय हलकं, पोटाला भारसुद्धा नाय" असं सांगत राहिली होती. झिंगे गोकुळला छावणीच्या बाजारात एका दुकानाच्या फ्रीजरमध्ये मिळाले, दगडासारखे. कूसकूस त्याने भलत्या हौसेने आधीच ऑनलाइन मागवलं होतं. लहान पाकीट शिल्लक नव्हतं, म्हणून त्याने हॉटेलवाल्यांसाठीचं घेतलं. ते आलं तेव्हा कळलं की ते पाकीट नव्हतंच, चक्क गोणी होती. दाराशी आलेल्या माणसाने ती खाली टेकवून आधी कंबर सरळ केली.

"म्हैस घेतली का काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

रविवारी दुपारी गोकुळ झिंगे आणि गोणी घेऊन स्वयंपाकघरात शिरला, तर मनकर्णाबाई ओट्यासमोर आडव्या उभ्या.

"झिंगे? माझ्या ओट्यावर? देव्हारा कुठं हाय, दिसतो का?"

त्यांच्या घरचा रिवाजच तसा होता. मनकर्णाबाई स्वतः मटण-मासळीला शिवत नसत. ज्यांना खायचं असेल त्यांनी गच्चीवर शिजवायचं, गच्चीवर खायचं आणि गच्चीवरच भांडी घासायची. त्यासाठी वर वेगळी शेगडी होती, वेगळं पातेलं होतं, आणि एक पळी होती जिने आजवर खालचा मजला पाहिला नव्हता.

"बरं, झिंगे वर करतो. पण कूसकूस तर गव्हाचं हाय. ते खाली करू दे."

"ते झिंग्यासंगंच खायचं ना?"

"व्हय."

"मग ते बी त्यांच्याच घरचं. वर ने!"

गोकुळ गोणी खांद्यावर टाकून जिना चढला. जिना घराच्या बाहेरून होता, म्हणजे गल्लीला सगळं दिसे.

मे महिना. गच्ची अशी तापलेली की चप्पल काढायची सोय नव्हती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत काकासाहेब डोक्यावर ओला पंचा टाकून बसले होते. काकासाहेब म्हणजे गोकुळचे वडील. निवृत्त झाल्यापासून त्यांनी आयुष्यात दोनच खाती ठेवली होती. एक गच्चीवरचं मटण आणि दुसरं पाणी. मटणाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता, आणि पाण्याच्या बाबतीत व्हॉल्व्ह उघडणारा बद्रीनाथ हा त्यांचा खास माणूस होता. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा येतं. त्यामुळे गल्लीतली माणसं वारसुद्धा पाण्यावर मोजत. "मागच्या पाण्याला पाहुणे आले होते," "पुढच्या पाण्याला चादरी धुऊ," असं बोलणं.

"बद्रीनाथचा फोन आला होता," काकासाहेब म्हणाले. "पाणी उद्या. मी ड्रम घासून वाळवून ठेवलेत. तुझं काय चाललंय?"

"जेवण, आबा. पंधरा मिनिटांत."

काकासाहेबांनी पंचा डोक्यावरून काढला. "पंधरा मिनिटांत? अरे, पंधरा मिनिटांत कांदा तरी लाल होतो का? मटण म्हणलं की माणसानं सकाळी बसावं आन् दुपारी उठावं."

"हे मटण नाय. हे आजकालचं हाय."

"म्हणूनच कच्चं राहतं," काकासाहेब म्हणाले आणि पुन्हा पंचा घेऊन बसले.

गोकुळने झिंगे पातेल्यात सुटायला ठेवले. मग गोणीला हात घातला. कोपऱ्याला सुरीने जराशी चीर द्यायची आणि दोन वाट्या काढायच्या, एवढंच त्याच्या मनात होतं. पण गोणी तापून तापून अशी झाली होती की चीर सुरू झाली ती थांबलीच नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फाटत गेली आणि कूसकूस भळाभळा गच्चीवर यायला लागलं. टाकीच्या मागे पाचपन्नास पारवे जणू याचीच वाट बघत बसले होते.

"आबा! धरा! हाणा त्यांना!"

काकासाहेबांनी पंचा फिरवत पारवे हाकलले. गोकुळने इकडेतिकडे पाहिलं. जवळ एकच मोठी, स्वच्छ, झाकणाची वस्तू होती. प्यायच्या पाण्याचा निळा ड्रम, काकासाहेबांनी सकाळीच घासून उन्हात वाळवलेला. गोकुळने फाटकी गोणी उचलली आणि सगळीच्या सगळी त्यात उपडी केली. झाकण लावलं. पारवे वैतागून शेजारच्या गच्चीवर गेले.

"पाण्याचा ड्रम हाय तो," काकासाहेब म्हणाले.

"पाणी उद्या हाय ना? सांजच्याला रिकामा करून देतो. टेन्शन नको."

आता पुढचं नीट ऐका. गोकुळ लसूण सोलायला बसला असेल नसेल, तोच खालून शेजारच्या सुरेखाची आरोळी आली.

"पाणी आलं! अयाया, पाणी आलं!"

ही आरोळी ऐकल्यावर या शहरातला माणूस विचार करत नाही. त्याचे हातपाय आपोआप चालतात. भर लग्नात अक्षता हातात धरून उभी असलेली माणसं ही आरोळी ऐकून घरी पळाल्याचं गल्लीने पाहिलेलं आहे. गोकुळचा तर जन्मच इथला. त्याने लसूण टाकला, झेप घेतली, ड्रमाचं झाकण तिरपं केलं, गच्चीवर वेटोळं होऊन पडलेला काळा पाइप उचलून ड्रमात खोचला, वरून झाकण दाबलं आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. ड्रमात काय आहे हे त्याला माहीत होतं. दहा मिनिटांपूर्वी त्यानेच भरलं होतं. पण ते डोक्याला माहीत होतं. हातांना फक्त एवढंच माहीत होतं की पाणी आलंय आणि ड्रम रिकामा आहे.

त्याच्यामागून काकासाहेबही धावले, बद्रीनाथला शिव्या देत. "उद्या म्हणला होता मुडदा!"

खाली गोकुळने मोटारीचं बटण दाबलं. मोटार घरघरली, पाणी पाइपात चढल्याचा आवाज आला, आणि थोड्याच वेळात वीज गेली. मोटार बसली. गल्लीभर एकच हाय हाय झाली. पण नळाला करंगळीएवढी धार होती आणि ती सोडून चालण्यासारखं नव्हतं. मनकर्णाबाईंनी हंडे, कळशा, बादल्या, कुकर, तांबे सगळं अंगणात मांडलं होतं. गोकुळ भरत होता, काकासाहेब वाहत होते, मनकर्णाबाई ओरडत होत्या. पाण्याच्या दिवशी त्या घरात हे असंच चाले आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

धार आटली, पाणी गेलं, वीज आली. गोकुळने कपाळाचा घाम पुसला आणि ओंजळीने पाणी प्यायला. तिसऱ्या घोटाला तो थांबला. मग त्याने वर गच्चीकडे पाहिलं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "मी पाइप कशात घातला?"

काकासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. दोघंही एकदम जिन्याकडे पळाले.

ड्रमाचं झाकण जागेवर नव्हतं. ते वर उचललं गेलं होतं आणि त्याच्याखाली, निळ्या ड्रमाच्या काठोकाठ, कूसकूस फुलून आलं होतं. पिवळसर, मोकळं, वाफाळलेलं. दिवसभर उन्हात तापलेला काळा पाइप, त्यातून आलेलं पाणी चहा करता येईल एवढं गरम, त्यात वीज अशी नेमकी वेळेवर गेली की पाणी ना कमी ना जास्त. वरून झाकण आणि मे महिन्याचं ऊन. मोबाइलमधल्या बाईने सांगितलेली सगळी कृती या गच्चीने जशीच्या तशी केली होती. फक्त माप तेवढं गोणीचं होतं.

काकासाहेबांनी पाइप बाहेर ओढला. बोटाने चिमूटभर उचलून तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं.

"शिजलंय," ते म्हणाले. आवाजात नाइलाजाने का होईना, आदर होता.

"आबा, हे चेष्टेचं काम नाय! एवढं कोण खाणार? मायनं बघितलं तर संपलं सगळं. दीपाची बढती गेली म्हणून समजा!"

"सकाळपर्यंत आंबंल बी," काकासाहेबांनी भर घातली. "अन् अन्न टाकायचं नाय, हे सांगून ठेवतो."

मग दोघांनी मसलत केली. खाली न्यायचं, परातींतून, चादरीखाली झाकून, मागच्या खोलीत ठेवायचं, आणि अंधार पडल्यावर काकासाहेबांच्या ओळखीच्या गोठ्यात पोचवायचं. मनकर्णाबाई भरलेली भांडी झाकण्यात गुंतल्या होत्या, तोवर उरकायला हवं होतं. गोकुळने मटणाची मोठी परात काढली, घमघमीत ढीग भरला, वर चादर टाकली आणि जिन्याची पहिली पायरी उतरला.

"गोकुळभाऊ, परातीत काय हाय ओ?"

शेजारच्या गच्चीवर सुरेखा उभी होती. मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्या बायका गच्चीवरच असत, कुरडया-पापडांमुळे, आणि सुरेखाची नजर तर अशी की तिच्या गच्चीवरून चार घरचे पापड मोजून व्हायचे. तिने कठड्यावरून वाकून थेट उघड्या ड्रमात पाहिलं.

"अगंबाई! कुरडयांचा गहू हाय का? मावशींनी मला हाकसुद्धा मारली नाय!" मग तिने नाक वर केलं, वास घेतला. "नाय, हे तर शिजलेलं हाय! सांजा हाय, सांजा! एवढा ड्रमभर? ओ मावशी! मावशी ओ! तुमच्या घरी कार्यक्रम हाय आन् आम्हाला आवतन नाय?"

आता हे 'आवतन नाय' म्हणजे काय, ते त्या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल. ड्रमभर अन्न शिजवायचं आणि भिंतीला भिंत असलेल्या घराला बोलवायचं नाही, यापेक्षा तोंडावर दार लावलेलं परवडतं. सुरेखाच्या आवाजाने समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. पलीकडची दोन दारं उघडली. आणि जिन्याच्या खालच्या पायरीशी, कमरेवर हात ठेवून, मनकर्णाबाई येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी परात पाहिली. चादर पाहिली. मुलाचा उतरलेला चेहरा पाहिला. मग गच्ची दिसेल इतक्या पायऱ्या चढून, गुडघा धरत, वरचा निळा ड्रम पाहिला. त्यांच्या सगळं लक्षात आलं. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं कळायला वेळ लागत नाही.

"काय, गोकुळभाऊनी काय घोटाळा केला का?" सुरेखाने विचारलं आणि तोंडाला पदर लावला. समोरच्या दारात कोणीतरी खुसकन हसलं.

तिथेच सगळं फिरलं. मनकर्णाबाईंनी पोराला दिवसातून दहादा वेड्यात काढलं असेल, पण तो हक्क त्यांचा होता. गल्लीला त्यांनी तो कधी दिला नव्हता.

"घोटाळा कसला?" त्या कडाडल्या. "माझ्या पोरानं सैपाक केलाय! गल्लीसाठी! आवतनाचं म्हणशील तर मी आत्ता तेच द्यायला निघाले होते. पाणी आलं म्हणून थांबले."

"पण कार्यक्रम कसला, मावशी?"

कार्यक्रम! घरात बारसं नव्हतं, वाढदिवस नव्हता, सत्यनारायण नव्हता. पोरगी नव्हती की तिचा साखरपुडा सांगावा. गल्ली वाट बघत होती. गोकुळ परात धरून जिन्यात तसाच उभा होता, त्याचे हात भरून आले होते. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ड्रमाकडे पाहिलं, आणि घरात गेल्या चार दिवसांत घडलेली एकुलती एक गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"आमच्या दीपमालाला बढती मिळाली!"

गोकुळच्या हातातली परात कलली. काकासाहेबांनी ती खालून सावरली.

"अयाया! कशाची?"

"इनचार्ज झाली! हाताखाली माणसं हायत तिच्या! तिनं तपासल्याबिगर एक नग कंपनीच्या बाहेर जात नाय!" मनकर्णाबाई एकदा सुटल्या की थांबत नसत. "म्हणलं, गल्लीला जेवण घालावं. तर गोकुळ म्हणला, माय, तू बसून राहा, मी करतो. परदेशी करतो. दिवेलागणीला या सगळ्या. आन् येताना ताट-वाटी आपापली आणा, माझी भांडी पाण्यानं भरल्यात."

बायका आपापल्या घरी पळाल्या. मनकर्णाबाई वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"प्यायच्या पाण्याच्या ड्रमात? मुडद्या, प्यायच्या पाण्याच्या ड्रमात?"

"माय, ते हाताला सवय..."

"गप. उचल परात. खाली आण. माझ्या ओट्यावर!"

"पण ते झिंग्यांच्या घरचं..."

"गव्हाचं हाय ते!" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

त्यानंतर जे झालं त्याला पंधरा मिनिटं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मनकर्णाबाईंनी सर्वांत मोठी कढई चढवली. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, हळद, मूठमूठ शेंगदाणे. गोकुळ कांदे चिरत होता आणि रडत होता, त्यातलं किती कांद्यामुळे ते त्यालाही सांगता आलं नसतं. फोडणीत परतलेलं कूसकूस पातेल्यामागून पातेलं बाहेर जाऊ लागलं. गच्चीवर काकासाहेबांच्या हाती झिंगे लागले होते. गल्लीला पुरवायचे म्हणून त्यांनी येसर, म्हणजे भाजून दळलेला मसाला, लावून झिंग्यांचा रस्सा केला, तिखटजाळ, काळाभोर. रस्सा पातेलंभर आणि झिंगे इनमीन, त्यामुळे पळीत झिंगा आला की काकासाहेब तो पुन्हा पातेल्यात सोडत आणि पुढच्याला वाढत. पण त्याआधी त्यांनी एक वाटीभर झिंगे बाजूला काढून गोकुळच्या हातात दिले होते. "हे तिचे," एवढंच म्हणाले.

दिवेलागणीला गल्लीत सतरंज्या पडल्या. सगळ्यांनी भुरके मारले. "काय मऊ हाय ओ!" "पोटाला भार नाय!" "रस्सा वाढा, काकासाहेब, झिंगा नको, नुसता रस्सा!" सुरेखाने दोनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा डबा आणला. एक आजीबाई गोकुळची अलाबला घेऊन गेल्या. मनकर्णाबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "आता सून दुसऱ्या पाळीला जाणार म्हणल्यावर घरचं बघायला कोणीतरी पायजेच ना? गोकुळला लहानपणापासून आवड!" गोकुळ हे ऐकत उष्टी ताटं उचलत होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. दीपमाला उतरली. डोळे जरा सुजलेले होते. पुढे आली तर सगळी गल्ली उभी राहिली.

"अभिनंदन, दीपावहिनी!" "इनचार्जबाई आल्या!" "आता आम्हाला बी लावा की कंपनीत!"

दीपमालाला काही कळेना. ती हसल्यासारखं करत, माणसांमधून वाट काढत कशीबशी घरात आली. स्वयंपाकघरात मनकर्णाबाई कढई खरवडत होत्या. दीपमालाने पिशवी खाली ठेवली, पदर नीट केला आणि रस्ताभर पाठ करून आणलेलं बोलायला लागली.

"आत्याबाई, मी लई विचार केला. आईबी म्हणली, घर आधी. तुमचे गुडघे दुखतात, मला दिसतं ना. त्यामुळं मी उद्या साहेबांना सांगते. नाय घेत मी ती बढती."

दारात गोकुळ उभा होता.

मनकर्णाबाईंच्या हातातलं उलथणं कढईत पडलं. "नाय घेत? नाय घेत म्हंजी?"

"तुम्हीच म्हणला होतात..."

"मी काय बी म्हणलं असंल! गल्ली जेवून गेली, बाई, गल्ली! तुझ्या नावानं! त्या सुरेखानं डबा भरून नेला! आता उद्या मी काय तोंडानं सांगू, बढती नाय म्हणून? जेवण परत मागू का?" मनकर्णाबाईंचा आवाज चढत चढत एकदम फुटला. त्यांनी उलथणं उचललं, पुन्हा ठेवलं. "आन् एवढ्या माणसांसमोर तुझं नाव घेतलं तर... बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? उद्या गपगुमान जायचं आन् व्हय म्हणून यायचं. माझी इज्जत तुझ्या हातात हाय."

दीपमाला तिथेच पाटावर बसली. हसावं की रडावं हे तिचं तिला ठरेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

गोकुळ गच्चीवर गेला. वरच्या शेगडीवर लोणी टाकलं, लसूण टाकला, वाटीतले झिंगे परतले, ड्रमाच्या तळाशी राखून ठेवलेलं कूसकूस घेतलं, लिंबू पिळलं. तो ताट घेऊन खाली आला तेव्हा मनकर्णाबाईंनी झिंग्यांचं ताट देव्हाऱ्यासमोरून चाललेलं पाहिलं आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं.

दीपमालाने एक झिंगा खाल्ला. मग दुसरा. मग गोकुळकडे पाहिलं, आणि आरशासमोरचा तोच आवाज, दबका पण ठाम, पहिल्यांदा आरसा सोडून बाहेर आला. "झिंगे जरा जास्त शिजलेत. पुढच्या वेळी लवकर उतरवायचे."

"व्हय," गोकुळ म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्याने पुन्हा एकदा "व्हय" म्हटलं.

खिडकीतून सुरेखाचं डोकं आत आलं. हातात घासलेला डबा होता. "मावशी, लई मजा आली ओ! बायका विचारायल्यात, पुढच्या पाण्याला काय बेत?"

मनकर्णाबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं, पोराकडे एक नजर टाकली आणि डबा हातात घेतला.

"ते गोकुळला विचार," त्या म्हणाल्या. "सैपाकघर आता त्याच्याकडं हाय."